काळे आधी की कासार? मराठी नावांसाठी जावात स्वतःचा कम्पेरेटर लिहिताना

काळे, कासार, कदम, कुलकर्णी, कांबळे, कावळे, खरे आणि क्षीरसागर ही आठ आडनावे एका लिस्टमध्ये भरून जावाच्या नेहमीच्या सॉर्ट मेथडला दिली, तर परत येणारा क्रम असा असतो: कदम, कांबळे, काळे, कावळे, कासार, कुलकर्णी, क्षीरसागर, खरे. पहिल्या नजरेला यात काही चुकल्यासारखे वाटत नाही, पण शाळेत पाठ केलेली वर्णमाला मनात म्हणून पाहिली की चूक सापडते. ‘श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ’ असे आपण म्हणतो, म्हणजे ळ हा ह च्या नंतर येतो, आणि म्हणून काळे हे आडनाव कावळे व कासार यांच्या नंतर यायला हवे. क्षीरसागर कुठे जायला हवेत हा थोडा वादाचा विषय आहे, त्याकडे पुढे येऊ.

हा क्रम दुरुस्त करण्यासाठी आपण स्वतःचा कम्पेरेटर, म्हणजे दोन शब्दांपैकी कोणता आधी हे ठरवणारा ऑब्जेक्ट, लिहिणार आहोत. हा लेख जावा नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे. क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस आणि लिस्ट या गोष्टींची तोंडओळख आहे असे मी धरून चाललो आहे. जावातील नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत; प्रत्यक्ष टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात. आपण स्वतः ठेवलेली क्लास आणि मेथड यांची नावे मात्र जावा देवनागरीतही चालवून घेते, त्यामुळे ‘मराठीक्रम’ नावाचा क्लास लिहायला आडकाठी नाही. फक्त फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या त्या रीतीने, जतन करावी, आणि २०२२ मध्ये आलेल्या जेडीके १८ च्या आधीची आवृत्ती असेल तर कंपायलरलाही ते स्पष्ट सांगावे, कारण तोपर्यंत जावा त्या त्या यंत्राचे नेहमीचे एन्कोडिंग वापरत असे आणि विंडोजवर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत असत.

जावाची नेहमीची तुलना नेमके काय करते

स्ट्रिंग क्लासची कम्पेअर-टू ही मेथड भाषा ओळखत नाही. ती दोन शब्द एकेका चिन्हाने पुढे वाचत जाते आणि पहिला फरक सापडताच त्या दोन चिन्हांच्या युनिकोड क्रमांकांची वजाबाकी परत देते. युनिकोड म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारा तक्ता. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक, दशमान पद्धतीने, २३५५ आहे आणि स चा २३६०. म्हणून काळे आणि कासार यांच्या तुलनेचे उत्तर उणे ५ येते, आणि उणे म्हणजे ‘पहिला शब्द आधी’. युनिकोडने ळ ला ल च्या लगेच पुढे जागा दिली आहे. तो तक्ता अनेक भाषांसाठी एकत्र आखलेला असल्यामुळे त्यात मराठीची सोय वेगळी पाहिलेली नाही.

तरीही हा कच्चा क्रम वाटतो तेवढा टाकाऊ नाही, हे नवख्यांनी आधी समजून घ्यावे, म्हणजे नेमके काय दुरुस्त करायचे ते कळते. अनुस्वाराचा क्रमांक २३०६, म्हणजे सर्व अक्षरांच्या आधी, त्यामुळे कांबळे हे काका च्या आधी येते. कान्याचा क्रमांक २३६६, म्हणजे सर्व व्यंजनांच्या नंतर, त्यामुळे कदम हे काळे च्या आधी येते. अक्षराचा पाय मोडणारी हलन्ताची खूण २३८१ वर, म्हणजे सर्व मात्रांच्याही नंतर आहे, त्यामुळे जोडाक्षरे बाराखडी संपल्यावर येतात. हे सर्व मराठी कोशांच्या नेहमीच्या रीतीला बरेचसे धरून आहे. बिघाड होतो तो ळ, ॲ, क्ष, ज्ञ, ऱ, अंक आणि डोळ्यांना न दिसणारी चिन्हे अशा मोजक्या ठिकाणी.

त्यातला ॲ तर फारच खोडकर आहे. तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला आणि त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला, म्हणजे ह च्याही बराच पलीकडे. म्हणून वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ ने सुरू होणारी सर्व नावे यादीच्या तळाशी जाऊन बसतात. त्यातच जुन्या मजकुरात हेच अक्षर अ वर अर्धचंद्र देऊन टंकलेले असते, आणि काही जण हिंदीतला ऍ वापरतात. तिन्हींचा उच्चार एकच, क्रमाच्या दृष्टीने तीन वेगळ्या ठिकाणी.

पहिली पायरी: कागदावर क्रम ठरवणे

संगणकासमोर बसण्याआधी कागद घ्यावा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. कोड लिहिताना यांपैकी एकेक प्रश्न अचानक समोर येतो आणि मग घाईत दिलेली दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

ळ ह च्या नंतर, याबद्दल फारसे दुमत नाही. ॲ आणि ऑ यांची जागा निवडावी लागते. मी ए नंतर ॲ आणि ओ नंतर ऑ ठेवतो. दुसरी जागा निवडली तरी चालेल, पण स्वराला जी जागा दिली तीच त्याच्या मात्रेलाही द्यावी, म्हणजे एका मात्रेनंतर अर्धचंद्र आणि ओकारानंतर ऑकार. अनुस्वार सर्वांच्या आधी, की ‘कंपनी’ म्हणजे ‘कम्पनी’ असे मानून पुढच्या अक्षराच्या वर्गातील अनुनासिकाच्या जागी, हाही प्रश्न आहे. नावांच्या यादीसाठी पहिला पर्याय सोपा आणि वाचणाऱ्याला सापडण्याजोगा असतो. मोकळी जागा सर्वांत आधी ठेवावी, म्हणजे ‘राम कदम’ हे ‘रामकृष्ण’ च्या आधी येतात.

क्ष आणि ज्ञ यांवर मात्र थांबून विचार केला पाहिजे. हिंदी कोशांत क्ष हा क च्या जोडाक्षरांतच सापडतो, आणि युनिकोडच्या दृष्टीनेही तो क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हेच आहे. मराठी वर्णमाला मात्र त्याला शेवटी स्वतंत्र स्थान देते. आता तो स्वतंत्र धरायचा ठरवले आणि तसा तो सर्वत्र लागू केला, तर ‘लक्ष्मण’ हे नाव ‘लखन’ च्याच नव्हे तर ‘लहाने’ च्याही पुढे जाते, कारण ल नंतर येणारा क्ष आता ह पेक्षा मोठा झालेला असतो. वर्णमालेच्या हिशेबाने हे बरोबर आहे, पण यादीत लक्ष्मण शोधणारा माणूस तो ‘लक…’ च्या आसपासच शोधतो. म्हणून मी क्ष आणि ज्ञ यांना शब्दाच्या आरंभीच स्वतंत्र अक्षर मानतो आणि शब्दाच्या मध्ये त्यांना साधे जोडाक्षर राहू देतो. क्षीरसागर यादीच्या शेवटी जातात, लक्ष्मण लखनच्या आधी राहतो. हा माझा निर्णय आहे, नियम नव्हे. तुमची यादी कोण वाचणार आहे त्यावरून तुमचा निर्णय घ्यावा.

दुसरी पायरी: कम्पेरेटरचा करार समजून घेणे

कम्पेरेटर हा जावातील एक इंटरफेस आहे. तो १९९८ च्या जावा १.२ पासून आहे आणि त्यात आपल्याला एकच मेथड लिहावी लागते, तिचे नाव कम्पेअर. तिला दोन ऑब्जेक्ट मिळतात आणि तिने एक पूर्णांक परत द्यायचा असतो: पहिला आधी असेल तर ऋण, दोन्ही समान असतील तर शून्य, दुसरा आधी असेल तर धन. स्ट्रिंग क्लासमध्ये आपण बदल करू शकत नाही, तो क्लास अंतिम म्हणून बंद केलेला आहे. म्हणून क्रमाचे ज्ञान शब्दाच्या आत न ठेवता शेजारी एका वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवायचे, ही यामागची कल्पना. त्यामुळे एकाच यादीला सकाळी मराठी क्रम आणि संध्याकाळी लांबीनुसार क्रम लावता येतो.

या मेथडने तीन वचने पाळायची असतात. अ आणि ब यांची अदलाबदल केली तर उत्तराचे चिन्ह उलटले पाहिजे; अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल तर अ हा क च्या आधी असलाच पाहिजे; आणि दोन गोष्टी समान ठरल्या तर तिसऱ्या कोणत्याही गोष्टीशी त्यांचे नाते सारखेच असले पाहिजे. वाचताना हे इतके उघड वाटते की ते कोणी मोडेल असे वाटत नाही. पण घरक्रमांकांची यादी घ्या: २, १० आणि १०अ. नवखा प्रोग्रॅमर सहजच असा नियम लिहितो की दोन्हींत फक्त अंक असतील तर संख्या म्हणून तुलना करावी, नाहीतर शब्द म्हणून करावी. या नियमाने २ हे १० च्या आधी येते, कारण संख्या. १० हे १०अ च्या आधी येते, कारण शब्द म्हणून ते आखूड आहे. आणि १०अ हे २ च्या आधी येते, कारण पुन्हा शब्द म्हणून पाहिले तर १ हा २ च्या आधी आहे. तिघेही एकमेकांच्या आधी, म्हणजे रांग गोल झाली.

अशा कम्पेरेटरने सॉर्ट केल्यावर जावा कधी कधी तक्रार करते की तुलनेच्या मेथडने करार मोडला आहे, पण ‘कधी कधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या याद्यांसाठी टिमसॉर्ट ही पद्धत वापरली जाते. ३२ पेक्षा कमी घटक असतील तर ती तुकडे जोडण्याच्या टप्प्यापर्यंत जातच नाही, आणि करारभंग पकडला जातो तो त्याच टप्प्यात. म्हणून दहा नावांवर तपासलेला कम्पेरेटर बिनतक्रार चालतो आणि दोन हजार नावांवर कोसळतो.

तिसरी पायरी: शब्दाची किल्ली बनवणे

यावर माझ्या मते एकच खात्रीचा मार्ग आहे: कम्पेअर मेथडमध्ये ‘जर-तर’ ची शिडी उभारू नये. प्रत्येक शब्दाला स्वतंत्रपणे आकड्यांच्या एका रांगेत रूपांतरित करावे, त्या रांगेला आपण किल्ली म्हणू, आणि मग फक्त दोन किल्ल्यांची डावीकडून उजवीकडे तुलना करावी. किल्ली बनवताना दुसऱ्या शब्दाकडे पाहिलेच जात नाही, त्यामुळे वरील तिन्ही वचने आपोआप पाळली जातात. किल्ली बनवण्याचे नियम कितीही चमत्कारिक असले तरी रांग गोल होऊ शकत नाही.

किल्ली बनवण्याआधी शब्द स्वच्छ करावा लागतो, आणि येथे क्रम चुकवू नये. प्रथम नॉर्मलायझर क्लासकडून शब्द एनएफसी रूपात आणावा, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी टंकलेले असले तर ते एका ठरावीक रूपात येते. त्यामुळे र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन टंकलेला ऱ आणि एकाच चिन्हाने टंकलेला ऱ एक होतात. त्यानंतर र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक अशी तीन चिन्हे जेथे सापडतील तेथे ऱ आणि हलन्त ठेवावे, कारण बरेच कळफलक ‘दऱ्या’ हा शब्द अशा रीतीने लिहितात. हे झाल्यावरच शून्य-रुंदीचा जोडक आणि विभाजक, म्हणजे ८२०५ आणि ८२०४ या क्रमांकांची अदृश्य चिन्हे, काढून टाकावीत. आधी काढली तर डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या यांतील फरकच पुसला जातो. शेवटी अर्धचंद्र दिलेला अ आणि हिंदीतला ऍ यांना ॲ करावे. हे काम एनएफसी करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. इतर नुक्ते किल्लीत गाळावेत.

आता वजनांचा तक्ता. आपण कागदावर ठरवलेला क्रम एका ॲरेमध्ये लिहावा आणि प्रत्येक चिन्हाला त्याच्या जागेचा आकडा वजन म्हणून एका मॅपमध्ये नोंदवावा. माझा क्रम असा आहे: मोकळी जागा, संख्येची खूण, चंद्रबिंदू व अनुस्वार यांना एकच वजन, विसर्ग, मग अ, आ, इ, ई, उ, ऊ, ऋ, ए, ॲ, ऐ, ओ, ऑ, औ, मग क पासून ल पर्यंत व्यंजने, त्यांत र आणि ऱ यांना एकच वजन, मग व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ, मग काना, दोन वेलांट्या, दोन उकार, ऋकार, एक मात्रा, अर्धचंद्र, दोन मात्रा, ओकार, ऑकार, औकार, आणि सर्वांत शेवटी हलन्त. तक्त्यात नसलेले चिन्ह समोर आले, उदाहरणार्थ एखादे रोमन अक्षर, तर मॅप नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देतो आणि त्याचा पूर्णांक करताना प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून तक्त्याबाहेरच्या चिन्हाला १०,००० अधिक त्याचा युनिकोड क्रमांक असे वजन द्यावे. अशी नावे शेवटी जातील, पण ठरलेल्या क्रमाने जातील.

अंकांसाठी थोडी वेगळी युक्ती लागते. सलग अंक दिसले की किल्लीत आधी संख्येची खूण घालावी, मग सुरुवातीची शून्ये वगळून अंकांची लांबी, आणि मग एकेक अंक. संपूर्ण संख्या पूर्णांकात बदलण्याचा मोह आवरावा, कारण जावाचा साधा पूर्णांक २१४ कोटींच्या थोडा पुढे संपतो आणि दहा अंकी मोबाइल क्रमांक बहुतेक वेळा त्यात मावत नाही. कॅरॅक्टर क्लासची डिजिट मेथड देवनागरी अंकही ओळखते, त्यामुळे ‘१०’ देवनागरीत आहे की रोमन लिपीत याची वेगळी काळजी करावी लागत नाही. या किल्लीने २, १०, १०अ हे तिघे निमूटपणे रांगेत उभे राहतात.

किल्ली बनवण्याची मेथड साध्या मराठीत लिहिली तर अशी दिसते:

किल्ली(शब्द):
शब्द = स्वच्छ(शब्द)
रांग = रिकामी
जोवर चिन्हे उरली आहेत:
शब्दारंभी क्ष किंवा ज्ञ असेल, तर त्याचे एकच वजन रांगेत घाल आणि तीन चिन्हे पुढे जा
सलग अंक असतील, तर खूण, लांबी आणि अंक घाल आणि तेवढी चिन्हे पुढे जा
नुक्ता असेल, तर काही न घालता एक चिन्ह पुढे जा
एरवी तक्त्यातील वजन घाल आणि एक चिन्ह पुढे जा
रांग परत दे

‘शब्दारंभ’ म्हणजे पहिली जागा किंवा मोकळ्या जागेनंतरची जागा, हे विसरू नये; नाहीतर ‘सुरेश क्षीरसागर’ मधला क्ष सुटतो.

चौथी पायरी: कम्पेअर मेथड

आता प्रत्यक्ष कम्पेअर मेथडमध्ये लिहिण्यासारखे फार थोडे उरते. दोन्ही शब्दांच्या किल्ल्या घ्याव्यात, जिथे पहिला फरक दिसेल तिथल्या दोन वजनांची इंटिजर क्लासच्या कम्पेअर मेथडने तुलना करून उत्तर द्यावे, आणि एक किल्ली दुसरीच्या आत संपली तर आखूड किल्ली आधी धरावी. वजने थेट वजा करण्याची सवय लावून घेऊ नये. आपल्या लहान वजनांना ते चालून जाते, पण तीच सवय पुढे खात्यावरील रकमांच्या तुलनेत गेली तर २०० कोटींतून उणे २०० कोटी वजा करताना उत्तर पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते आणि मोठी रक्कम लहान ठरते.

किल्ल्या तंतोतंत सारख्या निघाल्या तर शून्य परत देऊन मोकळे व्हावेसे वाटते. तसे करू नये. दऱ्या आणि दर्या यांच्या किल्ल्या आपण मुद्दाम सारख्या ठेवल्या आहेत, कारण दोन्ही शब्द शेजारी हवेत. पण ते समान नाहीत. अशा वेळी शेवटचा निवाडा मूळ शब्दांच्या कम्पेअर-टू मेथडवर सोपवावा. लिस्ट सॉर्ट करताना शून्याने बिघडत काही नाही, मात्र हाच कम्पेरेटर ट्री-सेटला, म्हणजे क्रमाने लावलेल्या आणि एकसारखे घटक न ठेवणाऱ्या संचाला, दिला की तो शून्याचा अर्थ ‘हे आधीच आहे’ असा घेतो आणि दुसरा शब्द गाळून टाकतो. मी स्वतः एकदा सभासदांची यादी केवळ आडनावाच्या कम्पेरेटरने ट्री-सेटमध्ये भरली होती आणि सगळ्या कुलकर्ण्यांतून एकच उरले. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, म्हणून ते लक्षात यायला दोन दिवस गेले.

सभासद हा स्वतंत्र क्लास असेल तर २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने सोय केली आहे. कम्पेरेटर इंटरफेसच्या कम्पेअरिंग मेथडला आडनाव देणारी मेथड आणि आपला मराठीक्रम द्यावा, पुढे देन-कम्पेअरिंग जोडून त्यात नाव आणि पुन्हा मराठीक्रम द्यावा, आणि तरीही बरोबरी झाली तर सभासद क्रमांक. आडनाव रिकामे, म्हणजे नल, असण्याची शक्यता असेल तर मराठीक्रमाला नल्स-लास्ट या आवरणात गुंडाळावे. साखळीच्या शेवटी रिव्हर्स्ड लावले तर संपूर्ण साखळी उलटते, फक्त शेवटचा दुवा नव्हे.

पाचवी पायरी: तपासणी आणि वेग

तपासणीसाठी यादी लहान पण मुद्दाम त्रासदायक निवडावी: काळे आणि कासार, लक्ष्मण आणि लखन, दऱ्या आणि दर्या, ॲ ची तिन्ही टंकने, २, १०, १०अ, ०२, एक रिकामा शब्द आणि एखादे रोमन नाव. अपेक्षित क्रम हाताने लिहून ठेवावा, मग यादी शफल मेथडने विस्कटून पुन्हा सॉर्ट करावी, असे शंभर वेळा करून प्रत्येक वेळी तोच क्रम येतो का ते पाहावे. याशिवाय यादीतील प्रत्येक जोडीसाठी उलटसुलट तुलनेची चिन्हे विरुद्ध येतात का, आणि प्रत्येक त्रिकूटासाठी रांग गोल होत नाही ना, हे तीन लूपमध्ये तपासणे दहा मिनिटांचे काम आहे. दहा-बारा शब्दांसाठी टिमसॉर्ट जे सांगणार नाही ते ही तपासणी सांगते.

वेगाचा प्रश्न यादी मोठी झाल्यावरच उभा राहतो. १०,००० नावे सॉर्ट करायला साधारण १ लाख २० हजार तुलना लागतात, आणि प्रत्येक तुलनेत दोन किल्ल्या नव्याने बनवल्या तर किल्ल्या होतात सुमारे २ लाख ४० हजार, जेव्हा गरज फक्त १०,००० ची असते. म्हणून प्रत्येक शब्दाची किल्ली एकदाच बनवून शब्द आणि किल्ली यांचा एक छोटा ऑब्जेक्ट करावा, त्या ऑब्जेक्टची लिस्ट सॉर्ट करावी आणि शेवटी शब्द बाहेर काढावेत. जावातील कोलेशन-की हा क्लास हेच काम तिच्या तयार कोलेटरसाठी, म्हणजे भाषेनुसार शब्दांची तुलना करणाऱ्या क्लाससाठी, करतो. तयार कोलेटर असताना स्वतः लिहायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि अनेक ठिकाणी तो पुरेसा ठरतो. मात्र त्याला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची निवड, दिले म्हणजे मराठी क्रम मिळालाच असे धरून चालू नये. वरची त्रासदायक यादी त्यालाही एकदा द्यावी आणि काळे कुठे जातात ते पाहावे.

यादी डेटाबेसमधून पानापानाने येत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. डेटाबेस त्याच्या क्रमाने पहिली ५० नावे देतो आणि आपला कम्पेरेटर फक्त त्या ५० नावांनाच मराठी क्रम लावतो, त्यामुळे काळे पहिल्या पानावर तळाशी आणि कासार दुसऱ्या पानावर डोक्याशी, असे होऊ शकते. अशा वेळी नोंद जतन करतानाच तिची किल्ली बनवावी, प्रत्येक वजन समान रुंदीच्या अंकांत लिहून ती एका वेगळ्या रकान्यात साठवावी, आणि डेटाबेसला त्या रकान्यावर क्रम लावायला सांगावे. पुढे तक्त्यात एखाद्या अक्षराची जागा बदलली, तर तो रकाना सर्व नोंदींसाठी पुन्हा भरावा लागतो.